पाहुण्यांना सांगितलेले गाव

उच्च शिक्षणासाठी मी रोममध्ये होतो, तेव्हा १९९९ सालच्या उन्हाळी सुट्टीत उत्तर इटलीतील एका लहानशा धर्मग्रामात मदतीस गेलो होतो. रविवारच्या मिस्सानंतर लोक भोवती जमत आणि पहिला प्रश्न ठरलेला असे, "फादर, तुम्ही ख्रिस्ती केव्हा झालात?"

भारतीय ख्रिस्ती म्हणजे नुकताच झालेला, अशी त्यांची समजूत. मग मी सांगे, की १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्याच शतकात आमच्याकडे ख्रिस्ती श्रद्धा रुजली. १५९७ साली जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर प्राण अर्पण करणारे संत गोन्सालो गार्सिया हे वसईचेच सुपुत्र. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. हे ऐकून मंडळी थक्क होत.

माझे आडनाव ऐकून एका आजीबाईंनी विचारले, "मग घरी तुम्ही पोर्तुगीज बोलता?" मी म्हणालो, "नाही. घरी आमची कादोडी बोली आणि प्रार्थना मराठीत. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज सत्ता गेली. आडनावे तेवढी राहिली."

"गाव कुठे?" या प्रश्नाला मात्र मी "मुंबईजवळ" एवढेच उत्तर देई. एके दिवशी ते माझे मलाच खटकले. भुईगावला स्वतःची ओळख नाही काय? मग मी समुद्रकिनारा सांगितला, सुरूची झाडे सांगितली, केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या सांगितल्या. विहिरीवरच्या रहाटाला इटालियन शब्द सापडेना, तेव्हा हात गोल फिरवून दाखवला. त्या क्षणी फादर स्टीफन्स आठवले. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूने आमची भाषा आत्मसात केली आणि त्याचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापून निघाले. समोरच्याला काही मनापासून सांगायचे, तर आधी त्याच्या भाषेत शिरावे लागते, हे मला तेव्हा उमगले.

पुढे २०११ साली त्या गावातील एक वृद्ध दाम्पत्य भुईगावला आमच्या घरी आले. आल्या आल्या त्यांनी विचारले, "तो रहाट कुठे आहे?"

मी ओशाळलो. आमच्या विहिरीवर माझ्या बालपणीच पंप बसला होता. वाडीच्या निम्म्या भागात आता घरे उभी होती. मी खोटे बोललो नव्हतो. पण आठवणीतले गाव वर्तमानकाळात सांगून बसलो होतो.

माझी अडचण वहिनींनी निवारली. त्यांनी सुकेळी पुढे ठेवली. पिकलेली राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, पानात कशी बांधतात, हे त्या कादोडीत सांगत होत्या आणि मी इटालियनमध्ये. मग मी रहाटाचीही गोष्ट सांगितली. गोल फिरणारा बैल, भरून वर येणारी मडकी, पाटाने केळीपर्यंत धावणारे पाणी. पाहुणे कौतुकाने ऐकत होते.

दहा वर्षांची पुतणी दाराशी उभी होती. मला वाटले, तिला इटालियन ऐकून गंमत वाटत असावी. पाहुणे उठल्यावर तिने हळूच विचारले, "काका, रहाट म्हणजे काय?"

या प्रश्नाने मी अंतर्मुख झालो. सातासमुद्रापलीकडच्या माणसांना मी माझे गाव समजावून सांगत होतो. आणि ज्या घरात मी वाढलो, त्याच घरातील मुलीला ते कोणी सांगितले नव्हते. मीही नाही. सुट्टीत येई, जेवे, आशीर्वाद देई आणि निघून जाई.

त्या संध्याकाळी तिला घेऊन विहिरीवर गेलो. काठावरचे जुने चिरे अजून शाबूत होते. तिथे बसून, इटलीत सांगितले होते ते सारे तिला आमच्या बोलीत सांगितले. या वेळी मात्र भूतकाळात. तिने शंभर प्रश्न विचारले. काहींची उत्तरे मलाही देता आली नाहीत, म्हणून आम्ही दोघे वहिनींकडे गेलो.

वाचकहो, परदेशी पाहुणा आपल्या दारी क्वचितच येतो. आपल्या गावाविषयी विचारणारे मूल मात्र घरातच असते. ते विचारण्याआधीच आपण सांगायला बसू या.