एक पावसाळा दुसऱ्याच्या गाडीवर

मलकापूर (शाहूवाडी),
२८ नोव्हेंबर २०२४

चि. बाळास,


परवा फोनवर तू विचारलंस, बुकिंग ठेवू का रद्द करू. मी नुसतं ‘बघू’ म्हणालो, कारण मामी शेजारी बसून ‘त्याला म्हणावं आधी घर घे’ असं खुणावत होती. आज ती उसाच्या तोडीवर गेलीय, तेव्हा निवांत लिहितो.

तुझी अडचण मला अशी कळली. ३ ऑक्टोबरला महिंद्राच्या थार रॉक्सचं बुकिंग उघडलं, पहिल्या तासाभरात १ लाख ७६ हजार २१८ लोकांनी नोंदणी केली, त्यात तूही २१ हजार भरून मोकळा झालास. आता नंबर पुढच्या वर्षी लागणार म्हणतात. आणि मधल्या काळात तुझ्या ऑफिसातले मित्र कानाला लागलेत: नवीन मॉडेल आहे, पहिल्या लॉटला हात लावू नको, आणि पाच वर्षांनी विकायला काढलीस तर कोण विचारणार?

मित्र अगदीच चुकीचं बोलत नाहीत. आपल्याकडं पहिलारू म्हैस कुणी डोळे मिटून घेत नाही. दुसऱ्या वेताची असेल तर दूध किती, लाथ मारते का, सगळं गावाला ठाऊक असतं. गाडीचंही तसंच. आताची तीन दारांची थार २ ऑक्टोबर २०२० ला आली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीनं १,५७७ डिझेल थार तपासणीला परत बोलावल्या. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये बनलेल्या त्या गाड्यांच्या इंजिनातला कॅमशाफ्ट सदोष असण्याची शक्यता होती, पुरवठादाराकडच्या मशीनची सेटिंग हुकली होती म्हणून. कंपनीनं फुकटात बदलून दिला, ते चांगलंच. पण ज्यानं हौसेनं पहिल्या महिन्यात चावी घेतली, त्याचा जीव टांगणीला लागला तो लागलाच.

म्हणून तुझा नंबर उशिरा लागलाय याची कटकट करू नको, नशीब समज. पुढचा आषाढ-श्रावण दुसऱ्यांच्या गाड्यांवर जाईल. कुठल्या दारातून पाणी येतं, कुठला सेन्सर खोटा बोंबलतो, ते सगळं तुला आयतं कळेल.

आता मुद्द्याचं. तू ‘नवीन गाडी’ म्हणतोस, पण तिच्यात नवीन काय आणि जुनं काय हे वेगळं काढलंयस का? वडापच्या, म्हणजे गावोगावी सवाऱ्या वाहायच्या धंद्यात आम्ही पहिली गोष्ट हीच बघायचो. ट्रॅक्स आली तेव्हा गाडी नवीन होती, पण बजाज टेम्पोचं ते इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ वरून घेतलेलं, त्याच्या आधीच रस्ते तुडवून झालेलं. मिस्त्री बॉनेट उघडून म्हणायचा, हिला ओळखतो मी. एवढं ऐकलं की माणूस पैसे मोजायचा.

तसा रॉक्सकडं बघ. २.२ लिटर एमहॉक डिझेल इंजिन २०२० च्या थारमध्ये आहे, २०२२ च्या स्कॉर्पिओ-एनमध्ये आहे. ते आता मिस्त्र्यांच्या हाताखालून गेलंय. सहा गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्सही ओळखीचा. चासीच्या खाली जे आहे त्याची मला फारशी धास्ती नाही. नवीन आहे ते वर: दोन-दोन सव्वादहा इंची पडदे, कॅमेरे, काचेचं लांबलचक छत, आणि ती अडास का काय म्हणतात ती व्यवस्था, जी लेन सोडली तर स्टिअरिंग हलवते आणि पुढं काही दिसलं तर स्वतःच ब्रेक मारते. जुलैत आंबा घाटात ये म्हणावं तिला. धुक्यात पाच हातांवरचं दिसत नाही, पांढऱ्या पट्ट्या कुठं आहेत कुठं नाहीत, चौपदरीकरणाच्या कामानं रस्ता महिन्याला जागा बदलतो, आणि वळणावर गवा उभा. त्या कॅमेऱ्याला गवा समजतो का, ते कंपनीला विचार आणि मलाही कळव!

आमची वडापची कमांडर जीप बंद पडायची नाही असं नाही. रोज काही ना काही असायचंच. पण तिचं दुखणं हाताला लागायचं. ओढ्याला पाणी असलं की आम्ही अलीकडं थांबायचो, फॅन बेल्ट उतरवायचो, म्हणजे पंखा पाणी उडवून इंजिन भिजवत नाही. रेडिएटरपुढं पोतं बांधायचं, पहिल्या गिअरात टाकायची आणि पलीकडं निघेपर्यंत अॅक्सिलेटरवरचा पाय उचलायचा नाही. एकदा मागचा हाफ शाफ्ट तुटला तो विशाळगडच्या रस्त्याला, गजापूरच्या अलीकडं. मी तुटलेले दोन तुकडे पोत्यात गुंडाळून एसटीनं कोल्हापूरला नेले. उद्यमनगरात लेथवाल्यानं दोन्ही तुकडे जुळवून बघितले, टोकाच्या आट्यांवरून नख फिरवलं, ‘उद्या दुपारी या’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी गाडी धंद्याला. पट्टी कातली, बुश फिरवला, काही म्हणून अडायचं नाही. कोल्हापूरच्या माणसाला ही सवय लागलीय, की लोखंडाचं आहे ना, मग होतंय. पण सर्किटचा बोर्ड गेला की उद्यमनगरचा बाप आला तरी लेथवर फिरत नाही. लॅपटॉप लावल्याशिवाय आजार कळत नाही, आणि तो लॅपटॉप मलकापुरात नाही, कोल्हापुरात आहे. गाडी तिथपर्यंत न्यायची तर ट्रकवर चढवून.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की जुनं जास्त आणि नवं कमी असलेलं मॉडेल घे. तू बुक केलंयस ते सगळ्यात वरचं, फोर बाय फोर ऑटोमॅटिक, शोरूम किंमत २२ लाख ४९ हजार. त्याच फोर बाय फोरमध्ये एमएक्स ५ मॅन्युअल १८ लाख ७९ हजारांना आहे. इंजिन तेच, फोर बाय फोर तेच, अडास नाही, छताची ती मोठी काच नाही. त्यात आपल्या महाराष्ट्रात डिझेल गाडीला १० ते २० लाखांपर्यंत १४ टक्के रोड टॅक्स आणि २० लाखांच्या वर १५ टक्के. किंमत आणि टॅक्स मिळून फरक जवळपास साडेचार लाखांवर जातो. आणि टॅक्स हा असा पैसा आहे, की गाडी विकताना त्यातला छदाम परत येत नाही. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून गुडघा दुखतो म्हणशील, तर ते मला मान्य. मधलं एएक्स ५ एल ऑटोमॅटिक बघ, २० लाख ९९ हजारांचं. फक्त त्यात अडास येतं, आणि टॅक्सही १५ टक्क्यांतच जातो.

आतला रंग मात्र नीट बघून घे. पहिल्यांदा दाखवली ती पांढऱ्याशुभ्र सीटची. आंब्याची तांबडी माती ज्याला माहीत आहे तो असली सीट काढणार नाही. लोकांनी कुरकुर केल्यावर फोर बाय फोरला तपकिरी आतली सजावट दिलीय, तीच घे. नाहीतर तुझी मुलं मनोलीच्या धरणावरून आली की मागचं सीट बघून सूनबाई तुला गाडीसकट बाहेर काढेल.

रिसेलचं तुझं गणित मला पटलं नाही. तू विचारतोयस, पाच वर्षांनी ही गाडी किती टिकलेली असेल. जुन्या बाजारात तेवढ्यावर भाव ठरत नाही. त्या दिवशी नव्या गाडीची किंमत काय आणि तिच्यासाठी रांग किती, हे आधी बघतात. २०२० ची थार आली तेव्हा वेटिंग इतकं होतं, की वर्षभर वापरलेली गाडी लोक शोरूमच्या भावाच्या आसपास उचलत होते. मालकानं काही पराक्रम केला नव्हता, रांग मोठी होती एवढंच. आणि यंदा दसरा-दिवाळीला त्याच तीन दारांच्या थारवर लाख-दीड लाखाची सूट लागली, कारण घरात पाच दारांची धाकटी आली. शोरूममध्येच भाव उतरला की जुन्या बाजारात कोण तुझं ऐकणार?

जिम्नीचं बघ. ७ जून २०२३ ला मारुतीनं ती १२ लाख ७४ हजारांपासून आणली. डिसेंबरात थंडर एडिशन काढली, सुरुवात १० लाख ७४ हजार. सहा महिन्यांत दोन लाख खाली! जून-जुलैत घेणाऱ्याच्या गाडीत बिघाड एकही नसेल. हलकी, चिखलात उठून चालणारी, मारुतीचं सर्व्हिस सेंटर तालुक्या-तालुक्याला. तरी त्याचे दोन लाख गेले. भरवसा एक गोष्ट, भाव दुसरी, हे त्या गाडीनं पुराव्यानिशी दाखवलं. आणि एन्डेव्हर? दणकट गाडी, तिच्यावर जीव टाकणारे मालक. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डनं भारतातलं उत्पादन बंद करतो म्हणून सांगितलं आणि रातोरात गाडी पोरकी झाली. त्या मानानं महिंद्रा कुठं पळून जाणार नाही, विलीस जीप जोडत होते तेव्हापासून इथंच आहेत.

फोर्स गुरखाबद्दल तू काहीच बोलला नाहीस. आकुर्डीची कंपनी आहे ती, तुझ्या घरापासून लांब नाही. मे महिन्यात पाच दारांची गुरखा १८ लाखांना आली. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही धुऱ्यांना डिफरन्शियल लॉक, हवा ओढणारं नळकांडं बॉनेटच्या वर, ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते म्हणतात. इंजिन २.६ लिटर, मर्सिडीजच्या घराण्यातलं, आणि त्याच जातीचं इंजिन ट्रॅक्स क्रूझरमध्ये असल्यानं इथल्या मिस्त्र्याला हात घालायची भीती नाही. विकायला काढलीस तर गिऱ्हाईक दहातलं एक मिळेल, तेही घासाघीस करणारं. मी इथं राहतो, मला विकायची नाही, मी असतो तर गुरखा घेतली असती. तू वाकडला राहतोस, आठवड्यातले पाच दिवस हिंजवडीच्या जाममध्ये उभा असतोस. तुला रॉक्सच बरी.

आणि हो, रॉक्स लांब आहे हे विसरू नको. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर, हिचा २८५०. मागं मुलं ऐसपैस बसतात, पण उंचवट्यावरून जाताना पोट टेकायची भीती तेवढी वाढते. यंदा पावसात पावनखिंडीकडं निघालेली शहरातली एक कोरी गाडी रस्ता सोडून माळावर गेली. जाडजूड टायर, वर दिव्यांची पट्टी. मागची दोन चाकं रेंद्यात जागेवर गरगरा फिरतायत आणि पुढची दोन निवांत. तपास केला तर गाडी फक्त मागच्या चाकांवर चालणारी निघाली. ट्रॅक्टरवाल्यानं साखळी लावून ओढली, आणि पैसे घेताना तोंडावर न हसण्याइतका शहाणपणा दाखवला. २०२३ पासून थारमध्येही मागच्या चाकांवर चालणारं मॉडेल मिळतं, रॉक्सचं पेट्रोल तर सगळं तसलंच. चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. तू डिझेल फोर बाय फोर बुक केलंस, तेवढं अचूक केलंस.

रॉक्सला कंपनी ६५० मिलिमीटर पाण्याचा आकडा देते तो उभ्या पाण्याचा समज. कडवीला ओढ आली की फरशीवरचं गुडघाभर पाणीही गाडी आडवी ढकलतं. तिथं कुठलीही गाडी घालायची नाही, गुरखा असो नाहीतर रणगाडा. इंजिनात पाणी जाऊन ते जाम झालं तर साधा विमा बहुतेक वेळा हात वर करतो. इंजिन संरक्षणाचं जादा कलम असतं, ते पॉलिसीत घालून घे, चार पैसे जास्त गेले तरी. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर कोल्हापूर-सांगलीकडं जुनी गाडी घेणारा आधी पायाखालचं कार्पेट उचलतो आणि सीटच्या रुळांवर गंज बघतो. रिसेलची एवढी चिंता असेल तर तुझं कार्पेट कोरडं ठेव.

डिझेलच्या नव्या गाडीत काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. रोज जाममध्ये रांगत गेलं की ती तुंबते, तिला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर लांब पळवावी लागते. तेव्हा गाडी आली की महिन्याला एकदा मलकापूरची फेरी ठेव. आईच्या सांगण्यानं येत नाहीस, निदान जाळीच्या निमित्तानं येशील.

टायर मोठे घालणं, हॉर्न-दिवे लावणं यातलं काही करू नको. कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार केलेल्या गाडीबद्दल २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही कान टोचलेत, आणि वॉरंटीवाला तर निमित्तच शोधत असतो. वाढीव वॉरंटी घे, पण ती दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का ते लेखी विचारून.

मॉडेल बदलायचं असेल तर नंबर मागं जातो का, हे शोरूमला आजच विचार आणि काय म्हणतात ते रविवारी फोनवर सांग, मामी बाजाराला गेल्यावर. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुऱ्हाळ सुरू झालं की गुळाचा रवा एसटीनं पाठवतो.

तुझा,
मामा