लोणंदचा माळ आणि साडेपाच मासे दारू

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी आगगाडी जेजुरी, वाल्हे मागे टाकून नीरेचा पूल ओलांडते आणि लोणंदचे स्थानक येते. वारकऱ्यांना हे गाव ठाऊक आहे ते ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामामुळे. पादुकांना नीरास्नान घडले की पालखी सातारा जिल्ह्यात येते व येथे विसावते. व्यापाऱ्यांना ते ठाऊक आहे कांद्याच्या बाजारामुळे. मला मात्र लोणंद म्हटले की एक सोनाराचा तराजू आठवतो. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

यंदा नातवाला घेऊन तिकडे जाण्याचा योग आला. परदेशांतील शिकारी घरी बसून स्वतःची काडतुसे भरतात, दारूचा कणन् कण तोलतात, असे त्याने कोठेसे पाहिले होते. गाडीत त्याने सहज विचारले, "आजोबा, हरणाला कोणती गोळी लागते?" चोपन्न-पंचावन्न वर्षे जे कोणास सांगितले नव्हते, ते त्या प्रश्नाने ओठांवर आले.

1970 सालचा उन्हाळा. मी बारा वर्षांचा. मामांकडे सुटीला आलो होतो. मामांच्या शेजारी एक बागायतदार राहत. त्यांना आम्ही मुले तात्यासाहेब म्हणत असू. त्यांच्याकडे परवान्याची दुनळी बारा बोअरची बंदूक होती. शिकार त्या वेळी सर्वस्वी बंद नव्हती. मुंबई राज्याच्या 1951 च्या कायद्याप्रमाणे परवाना काढून ती करता येई. कालव्याचे पाणी न पोचलेल्या माळांवर तेव्हा चिंकारे चरत असत.

तात्यासाहेब काडतुसे घरीच भरीत. पितळी नळीच्या बुडाशी टोपी बसवायची, वर काळी दारू, तिच्यावर पुठ्ठ्याची चकती व नमद्याची डाट, मग छर्रे, पुन्हा चकती आणि शेवटी लाखेचे टोपण. दारूचे माप तीन ड्रॅम, म्हणजे 82 ग्रेन. तोळ्याचे 180 ग्रेन धरले तर हे साधारण साडेपाच मासे होतात. हा हिशेब मी तोंडी केला म्हणून तात्यासाहेब खूश झाले. "मास्तरांचा पोर आहेस, तोलायचे काम तुझ्याकडे," असे म्हणून त्यांनी सोनाराचा तराजू माझ्यापुढे ठेवला.

ओसरीवर एक निवृत्त सुभेदार बसले होते. ते म्हणाले, "तात्यासाहेब, हरणाला छर्रा नको. रायफल पाहिजे, आणि तीही नरम टोकाची." मग त्यांनी जे समजावले ते मला आजही स्पष्ट आठवते. पलटणीच्या .303 रायफलीची गोळी 174 ग्रेनांची, म्हणजे तोळ्याला थोडी कमी. तिच्या शिशावर टणक धातूचे पुरे कवच असते. अशी गोळी पुष्कळदा आरपार निघून जाते. जनावर जखम घेऊन पळते आणि कोठेतरी झुडपात तळमळत मरते. नरम टोकाची गोळी आत शिरताच फुलते, आपला सारा जोर तेथेच खर्च करते व जनावर जागीच पडते. खासगी परवान्याला मिळणाऱ्या .315 रायफलीसाठी 244 ग्रेनांची अशी गोळी आपल्या खडकीच्याच कारखान्यात बनते. मात्र सांबराच्या अंगात फुलेल ती गोळी वीस-बावीस किलोच्या चिंकाऱ्यात फुलेलच असे नाही. आणि फार हलकी गोळी फार वेगाने गेली, तर वरवरच फुटून नुसती जखम करते. जनावराचे वजन, गोळीचे वजन आणि दारू यांचा मेळ बसला पाहिजे.

पुढे मोठेपणी वाचनात आले, की फुलणारी गोळी कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात 1890 नंतरच्या दशकात तयार झाली, आणि 1899 च्या हेग परिषदेत युद्धात ती वापरू नये असे ठरले. माणसाच्या बाबतीत जी क्रूर ठरली, तीच हरणाच्या बाबतीत दया मानली जाते! कारण उघड आहे. शिपाई जखमी झाला तर त्याला उचलून नेणारे कोणी असते. हरणाला कोण उचलणार?

सुभेदारांनी निघताना बजावले, "छर्राच असेल तर चाळीस पावलांच्या आत. नाहीतर बार टाकू नका."

तराजूवर माझी सहा काडतुसे नीट भरली. सातव्याच्या वेळी दारू कमी पडली. डबा रिकामा झाला हे सांगायची मला लाज वाटली. मापात चूक केली असे म्हणतील, ही भीती. चार मासे जेमतेम भरले असतील. मी डाट घट्ट बसवली, वर लाख लावली आणि ते काडतूस इतरांत मिसळून टाकले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माळावर एक चिंकारा उभा राहिला. अंतर सत्तर पावलांचे असावे. तात्यासाहेबांनी बार टाकला. चिंकारा खाली बसला, उठला आणि मागचा पाय ओढीत निवडुंगाआड गेला. अंधार पडेपर्यंत आम्ही रक्ताचे थेंब शोधीत हिंडलो. सकाळी एका धनगराने निरोप आणला, की ओढ्यात तो सापडला, रात्रभर जिवंत होता. तात्यासाहेब अंतराला दोष देत राहिले. मी काहीच बोललो नाही. झाडलेले काडतूस सातवे होते की नाही, हे मला कधीच कळले नाही.

पुढे शाकुंतलाचा पहिला अंक शिकवण्याचा प्रसंग पुष्कळदा आला. तपस्वी आडवे येतात आणि राजा चढवलेला बाण उतरवतो, तेथे माझा आवाज दर वेळी अडखळे. मुलांना वाटे, गुरुजींना खोकला आला.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा सारा वाद मिटला. चिंकारा पहिल्या परिशिष्टात आहे. त्याला मारणाऱ्यास तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. नीरेहून मोरगावमार्गे सुप्याला गेले, की 1997 साली स्थापन झालेले मयूरेश्वर अभयारण्य लागते. अवघे 5.14 चौरस किलोमीटर. पण चिंकाऱ्याला तेवढा माळ उरला आहे.

आम्ही दोघे पहाटे तेथे गेलो. गवतात एक मादी मान वर करून उभी राहिली. तिची आखूड शेपटी सारखी हलत होती. नातवाने हळूच विचारले, "किती पावले असतील, आजोबा?"

मी म्हणालो, "मोजू नकोस, बाळ. नुसते पाहा."