पिवळ्याचे तीन सेकंद

शिकागोत मराठी माणसं जमली की दोन विषय हमखास निघतात, हिवाळा आणि सिग्नलवरचा कॅमेरा. हिवाळ्यावर कुणाचाच इलाज नाही, म्हणून तो लवकर आटोपतो. कॅमेऱ्याची गोष्ट मात्र प्रत्येकाकडे एकेक असते आणि प्रत्येक गोष्टीत चूक कॅमेऱ्याचीच असते. आमच्या इमारतीतले एक काका मूळचे अमरावतीचे, आयुष्य इथेच गेलेलं. "मी थांबलो होतो" हे त्यांचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. इथे लाल दिवा असतानाही उजवीकडे वळता येतं, पण आधी गाडी पूर्ण थांबवावी लागते. आपल्याकडच्या फ्री लेफ्टचा हा इथला भाऊ, फक्त फ्री नाही. काकांच्या व्हिडिओत चाकं फिरताना स्पष्ट दिसतात. हो, व्हिडिओ! पत्रासोबत फोटो येतात आणि आपला पराक्रम इंटरनेटवर घरबसल्या पाहायची सोयही असते. दंड १०० डॉलर, मुदतीत भरला नाही तर दुप्पट. गाडी कोण चालवत होतं हे कॅमेऱ्याला कळत नाही, म्हणून दंड गाडीमालकाच्या नावानं निघतो.

आम्ही वाणसामान आणायला डेव्हन अॅव्हेन्यूवर जातो. तिथून दक्षिणेला थोडं गेलं की पीटरसन आणि वेस्टर्न या रस्त्यांचा चौक लागतो. २००३ साली शिकागोनं सिग्नल तोडणाऱ्यांसाठी कॅमेरे लावायला सुरुवात केली ती अशाच दोनेक चौकांपासून. पुढे शहरभर साडेतीनशेच्या वर कॅमेरे झाले. कंत्राट होतं रेडफ्लेक्स या कंपनीकडे. प्रत्येक कॅमेऱ्यामागे महापालिकेच्या वाहतूक खात्यातल्या जॉन बिल्स नावाच्या अधिकाऱ्याला कंपनीकडून लाच पोचत होती, हे नंतर कोर्टात सिद्ध झालं. सहली, गोल्फ, अॅरिझोनात घर, असा सगळा थाट. २०१६ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली, कंपनीची मुख्याधिकारीही तुरुंगात गेली, आणि २०१७ मध्ये कंपनीनं शहराला २ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. आपल्याकडचे रस्त्यांचे घोटाळे बघून मोठ्या झालेल्या माणसाला यात नवल वाटण्यासारखं काही नाही. नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं.

२०१४ मध्ये कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे गेलं आणि दंडाच्या पावत्यांवर पिवळ्या दिव्याचा अवधी २.९ सेकंद असा दिसायला लागला. तोवर ३ सेकंदांपेक्षा कमी अवधी नोंदला गेला असेल तर पावती रद्द व्हायची. आता ती चालायला लागली. महापालिकेच्याच महानिरीक्षकानं चौकशी केली तेव्हा या एका दशांश सेकंदापोटी सुमारे ७७ हजार पावत्या फाटल्याचं निघालं. रक्कम पाऊण कोटी डॉलरच्या वर. एक दशांश सेकंद! डोळ्याची पापणीसुद्धा एवढ्यात मिटून उघडत नाही.

पिवळ्याचं शास्त्र जुनं आहे. १९६० साली जनरल मोटर्सच्या तीन शास्त्रज्ञांनी गणितानं दाखवलं, की पिवळा दिवा पुरेसा लांब नसेल तर रस्त्यावर असा एक पट्टा तयार होतो जिथे सापडलेल्या गाडीला थांबताही येत नाही आणि लाल व्हायच्या आत चौकात शिरताही येत नाही. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर पुढे जाते. दिवा बदललेला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद गेला. मग आचका न बसता थांबायला जेवढं अंतर लागतं, तेवढं त्याच वेगानं पार करायला आणखी दोन सेकंदांच्या वर लागतात. म्हणजे ३ सेकंद हा काही उदारपणा नव्हे, जेमतेम हिशेब आहे. त्यातून दशांश काढून घेतला की कायदा पाळणारा माणूसही गुन्हेगार ठरू शकतो.

मग कॅमेऱ्यांनी अपघात कमी झाले का? इथले लोक याचं उत्तर आपल्याला पावती आली की नाही यावरून देतात. अभ्यासकांचं उत्तर जास्त गुंतागुंतीचं आहे. अमेरिकेच्या संघराज्य महामार्ग प्रशासनानं २००५ मध्ये सात ठिकाणच्या १३२ चौकांचा हिशेब मांडला. आडव्या धडका २५ टक्क्यांनी घटल्या होत्या, मागून बसणाऱ्या धडका १५ टक्क्यांनी वाढल्या होत्या. शिकागोत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानं २०१७ मध्ये साधारण तसंच सांगितलं: जखमी होण्याइतक्या आडव्या आणि वळतानाच्या धडका १९ टक्क्यांनी कमी, मागच्या १४ टक्क्यांनी जास्त, सगळं धरून १० टक्के फायदा. त्या अभ्यासानंतर शहरानं लाल झाल्यावर दंड न लागण्याची सवलत ०.१ सेकंदावरून ०.३ सेकंदावर नेली. ह्यूस्टनकरांनी तर २०१० मध्ये मतदान घेऊन कॅमेरे बंदच पाडले. पुढे दोन अर्थशास्त्रज्ञांनी आकडे तपासले तेव्हा आडव्या धडका वाढल्या होत्या, बाकीच्या घटल्या होत्या, आणि एकूण अपघात कॅमेऱ्यांमुळे कमी होत होते याचा पुरावा सापडला नाही.

तरीही कॅमेऱ्याच्या बाजूचे लोक एक मुद्दा मांडतात आणि तो मला इथे पटतो. आडवी धडक माणूस मारते, मागची धडक बंपर मारते. माणसाच्या बदल्यात बंपर गेला तर सौदा वाईट नाही.

हा सौदा नागपुरात चालेल का, एवढंच मला विचारायचं आहे.

माझा धाकटा भाऊ नागपुरात धरमपेठेत राहतो. परवा फोनवर म्हणाला, "ताई, आता आपल्याकडंही चौकाचौकात कॅमेरे लागून राहिले. चालान सीधा मोबाइलवर." मी म्हटलं, बरंच झालं की. तर म्हणाला, "काय बरं? पिवळ्याला मी गाडी थांबवली तर मागचा बसवाला थांबते का? अन् थांबलाच तर वरून शिव्या देते." त्याची गाडी म्हणजे अॅक्टिव्हा, मागे बायको आणि पुढे उभी राहिलेली मुलगी. सात ठिकाणच्या अभ्यासात जे सापडत नाही ते या एका तक्रारीत आहे. शिकागोत मागून धडक बसते ती डिकीला. व्हरायटी चौकात किंवा शंकरनगरला ती बसते माणसाच्या पाठीला. स्कूटर लवकर थांबते, भरलेली बस किंवा टिप्पर थांबत नाही, आणि दोघं एकाच रांगेत एकामागे एक असतात. अमेरिकेत ज्या धडका किरकोळ समजल्या जातात, त्या नागपूरच्या रस्त्यावर किरकोळ नाहीत. इथली टक्केवारी जशीच्या तशी नागपूरला नेऊन "कॅमेऱ्यानं अपघात घटतात" म्हणणं म्हणजे डॉलरचा भाव रुपयाला लावणं.

नागपुरात कॅमेरे नवे नाहीत. सेफ अँड स्मार्ट सिटी प्रकल्पात शहरभर तीन हजारांहून अधिक सीसीटीव्ही लागले आणि त्यांच्यावरून ई-चालान निघतात. त्यानंतर महापालिकेनं दीडशेहून अधिक चौकांसाठी एकात्मिक वाहतूक यंत्रणेचं काम केरळ सरकारच्या केल्ट्रॉन कंपनीला दिलं. कायद्यानं पाया घालून दिलेला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ अ हा नियम आला. कॅमेऱ्याचं यंत्र प्रमाणित असलं पाहिजे, कॅमेरा असल्याची पाटी आधी दिसली पाहिजे, चालानची सूचना १५ दिवसांत गेली पाहिजे, असं तो सांगतो, आणि त्याच्या यादीत नागपूर आहे. पिवळा दिवा किती सेकंदांचा असावा, हे मात्र तो नियम सांगत नाही.

आणि नागपूरचा चौक म्हणजे काही पीटरसन-वेस्टर्न नव्हे. हिरव्याचे शेवटचे पाच आकडे उलटे दिसायला लागले की अर्धा चौक वेग वाढवतो. आडवा रस्ता स्वतःचा लाल संपायच्या आत क्लच सोडतो. दोघांची गाठ मधोमध पडते. मे महिन्यात ४५ अंशांत चौकात थांबणाऱ्यांसाठी हिरव्या जाळ्या बांधतात, दुपारचे काही सिग्नल बंदच ठेवतात, आणि ते शहाणपणाचंच आहे; शिकागोच्या कुठल्याही वाहतूक इंजिनिअरला मी वैशाखात झाशी राणी चौकात दोन मिनिटं उभं करायला तयार आहे. पण थांबणं आणि न थांबणं असं ऋतूप्रमाणे बदलत असेल, तर जूनच्या पहिल्या पावसात नेमकं काय करायचं हे मागच्या बसवाल्याला आणि पुढच्या स्कूटरवाल्याला एकाच वेळी कसं सुचणार?

मला वाटतं, नागपूरला उपयोगी पडेल असा कॅमेरा चौकात नाही, बसमध्ये आहे. तो तिथे आलेलाही आहे. २०२१ मध्ये आयरास्ते नावाचा प्रकल्प नागपुरात सुरू झाला. इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि महापालिका यांनी मिळून शहर बसमध्ये यंत्रं बसवली. पुढच्या गाडीशी अंतर फार कमी झालं की ती ड्रायव्हरला आवाज देऊन सावध करतात, आणि वारंवार आवाज होतो त्या जागा नकाशावर नोंदवतात, म्हणजे अपघात व्हायच्या आधीच धोक्याची जागा कळते. अपघात निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट होतं. हा कॅमेरा पावती फाडत नाही, म्हणून माणसं जमली की त्याची चर्चा होत नाही. पण माझ्या भावाच्या मागे जो उभा आहे त्याच्याशी बोलणारा हा एकच कॅमेरा.

चौकातले कॅमेरे लावू नयेत असं मी म्हणत नाही. लाल दिवा सरळ तोडून जाणाऱ्याला दंड झालाच पाहिजे. मात्र क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्टॉपलाइन दिसेल अशी रंगवा. मग बस-ट्रकच्या वेगाचा हिशेब धरून पिवळा लांबवा आणि त्यानंतर क्षणभर चारही बाजू लाल ठेवा. एवढं झाल्यावर कॅमेरा लावा. शिकागोनं पिवळ्याकडे दुर्लक्ष केलं आणि कॅमेऱ्यावरचा लोकांचा विश्वास घालवला. आज चांगला कॅमेराही इथे पैसे काढायचं यंत्र म्हणूनच ओळखला जातो.

शिकागोत हे सगळं बाहेर आलं ते शिकागो ट्रिब्यून वर्षानुवर्षं मागे लागलं म्हणून. नागपूरकरांना तेवढं थांबायची गरज नाही. आपापल्या चौकातला पिवळा किती सेकंदांचा आहे, कॅमेरा लागण्याआधी आणि नंतर तिथे किती अपघात झाले, त्यांतले मागून धडकलेले किती, आणि दुचाकीवरचे किती, एवढे प्रश्न महापालिकेला आणि वाहतूक पोलिसांना लेखी विचारा. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तर ३० दिवसांत देणं बंधनकारक आहे.