भरतीचं वजन

घाटकोपरच्या माझ्या वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, नवं रडार बसवलं की विमान जड होणार ना?" होणार, उडायला धावपट्टीही जास्त लागणार. पण खरा प्रश्न ते वजन बसतं कुठे, हा. नाक मध्यापासून लांब, म्हणून तिथला किलो पोटातल्या किलोपेक्षा विमानाला जास्त झुकवतो. मग तोल साधायला दुसरीकडे काहीतरी करावं लागतं.

शेरात केवळ वज़न पुरं करायला घातलेल्या शब्दाला आम्ही उर्दूवाले 'भरतीचा' म्हणतो. तेजस मार्क-१ मध्येही तोलासाठी असं भरतीचं वजन होतं. मार्क-१ए आखताना ते कमी करून उपयोगाची उपकरणं बसवायचा बेत झाला. नाशिकला बनलेलं पहिलं मार्क-१ए १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथूनच उडालं. मुलाचा पुढचा प्रश्न होता, तिथे कामाला लागायला काय शिकावं लागतं?