डंडर मिफलिन कधी बिघडलं?

'द ऑफिस'च्या अमेरिकन आवृत्तीचे चार चाहते जेवणाच्या सुट्टीत एका टेबलाशी बसले की गप्पा हमखास एकाच प्रश्नावर येतात: ही मालिका घसरली कुठे? प्रत्येकाची तारीख ठरलेली असते. एक म्हणतो, साहेब मायकेल गेला आणि मजा गेली. दुसरी म्हणते, छे, ऑफिसातल्या जिम-पॅमचं लग्न लागलं तेव्हाच. तिसऱ्याला प्रिंटर विकणारी सेबर कंपनी आल्यापासून खटकत असतं. आणि एक असतोच, ज्याच्या मते रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट यांची मूळ ब्रिटिश मालिका तेवढी खरी. बारा भाग, वर ख्रिसमसचा दोन भागांचा खास कार्यक्रम आणि रामराम. त्याचं कोणी ऐकत नाही, तरी तो दर वेळी हे म्हणतोच.

मला हे वाद ऐकायला आवडतात. ज्याचं सोयरसुतक नाही, त्याच्या घसरणीचा दिवस कोण लक्षात ठेवतं? तावातावाने बोलणाऱ्या या माणसांना संवाद पाठ आहेत आणि कोणाचं टेबल कोणाशेजारी, हेही. आठवा सीझन किती वाईट होता हे सांगणाऱ्याने तो शेवटपर्यंत पाहिलेला असतो, बहुधा दोनदा.

24 मार्च 2005 ते 16 मे 2013, एनबीसी वाहिनी, नऊ सीझन, 201 भाग. पेनसिल्व्हेनियातलं स्क्रॅन्टन हे कोळशावर वाढलेलं आणि कोळसा सरल्यावर ओसरलेलं शहर. तिथे डंडर मिफलिन नावाच्या कागद विकणाऱ्या कंपनीची एक शाखा. सुरुवातीच्या संगीतावर दिसणारी त्या शहराची दृश्यं जॉन क्रॅसिन्स्कीने, म्हणजे आपल्या जिमनेच, स्वतः टिपली होती. ढगाळ आभाळ, स्वागताचा फलक, ओले रस्ते. आत राखाडी गालिचा, ट्यूबलाइटचा निर्जीव उजेड, खिडकीच्या पट्ट्यांतून झिरपणारी थंडीची दुपार. मागून हशा लावलेला नाही. कोणी बावळटासारखं बोललं की त्यानंतरची शांतता आपल्यालाच सोसावी लागते.

या शांततेत भीती होती. पहिल्या सीझनमध्ये जो तो कर्मचारीकपातीच्या अफवेखाली वावरतो. कागदाचा धंदा बुडत चाललाय, मोठमोठी दुकानं स्वस्तात माल देताहेत, शाखा कधी बंद होईल याचा नेम नाही. मायकेल स्कॉटचे विनोद असह्य होतात ते यामुळेच. उद्या यांतल्याच एकाला घरी पाठवावं लागेल हे ठाऊक असलेला साहेब आज त्यांचा लाडका दोस्त व्हायला धडपडतोय. जिम जागेवर बसून शेजारच्या ड्वाइटचा स्टेपलर जेलीत घालतो, कारण दिवस ढकलायचा आहे आणि नोकरी सोडायची हिंमत नाही. ज्यांनी कधी महिनाअखेरच्या पगारासाठी कंटाळा गिळलाय, त्यांना हे हसू ओळखीचं वाटतं.

या भीतीचं टोक म्हणजे 10 एप्रिल 2008 चा 'डिनर पार्टी' हा भाग. हॉलिवूडच्या लेखकांच्या संपामुळे चौथा सीझन मध्येच थांबला होता. संप मिटल्यावर आलेला हा पहिला भाग. ऑफिसातलं जवळजवळ काहीच यात नाही. मायकेल खोटं बोलून जिम आणि पॅमला घरी जेवायला आणतो. जॅन ही एकेकाळची त्याची वरिष्ठ, आता त्याच्यासोबत राहणारी प्रेयसी. तिची नोकरी गेली आहे, आणि आता ती घरात मेणबत्त्या बनवते. रात्र सरकत राहते, मांस शिजायचं नाव घेत नाही. भिंतीवर वीतभर प्लाझ्मा टीव्ही. मायकेल तो भिंतीला आणखी टेकवून दाखवतो आणि जागा किती वाचली याचं कौतुक करतो. रात्री झोपायला त्याला पलंगाच्या पायथ्याशी एक बाकडं आहे. ते दाखवताना त्याच्या चेहऱ्यावर तक्रार नसते, आणि म्हणून हसणं घशात अडकतं. ऑफिसात मायकेल वाटतो त्या 'डंडी' बक्षिसांतली त्याचीच एक ट्रॉफी भिरकावून जॅन तो टीव्ही फोडते. मालिकेचा सर्वोत्तम भाग कोणता, यावर एरवी एकमेकांचं काही न पटणारे चाहतेही बहुतेक इथे एकत्र येतात.

नोकरी गेल्यावर माणसाचं काय होतं, हे त्या घरात दिसलं. मग सहाव्या सीझनमध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं, सेबरने ती विकत घेतली, आणि स्क्रॅन्टन शाखा तगली. संकटं पुढेही आली, पण कोणाच्या पोटात गोळा आला नाही. माझी तारीख ही. खुर्च्या पक्क्या झाल्या आणि माणसं मोकाट सुटली.

केव्हिनचंच पाहा. आरंभीचा केव्हिन संथ असला तरी मूर्ख नव्हता. पोकरमध्ये जागतिक स्पर्धा जिंकल्याचं सांगणारा, बँडमध्ये ड्रम वाजवणारा, सोयीस्कर तेव्हा बहिरा होणारा हिशेबनीस. असा एक प्रत्येक खात्यात असतो. पुढेपुढे त्याला बेरीजही येईना. शेवटी कळतं की हिशेब जुळवायला त्याने स्वतःचा एक आकडाच काढला होता. चाहत्यांनी यावर तोडगा शोधला: केव्हिन मुळात हुशार, वेड पांघरून तो पैसे हडप करत होता! लेखकांनी जे सैल सोडलं ते घट्ट करायला प्रेक्षक किती राबतात पाहा.

तोवर लिहिणारी टेबलंही रिकामी होऊ लागली होती. लेखक मायकेल शूर आणि या मालिकेचा कर्ताधर्ता ग्रेग डॅनिअल्स यांनी 2009 मध्ये 'पार्क्स अँड रिक्रिएशन' सुरू केली. शूर तिकडेच रमला. पुढे लेखिका आणि केलीचं काम करणारी मिंडी केलिंग स्वतःच्या मालिकेसाठी गेली. तिसऱ्या सीझनमधला 'दिवाळी' हा भाग तिने लिहिला होता आणि त्यात केलीचे आईवडील म्हणून तिचे खरे आईवडील आहेत. भारतीय प्रेक्षकाला तो भाग जवळचा वाटतो, पण मला त्यात सण भावत नाही. भरल्या सभागृहात मायकेल त्याची मैत्रीण कॅरल हिला लग्नाची मागणी घालतो आणि ती नकार देते, तो अवघडलेपणा भावतो.

वाहिनीला मात्र गुरुवारची मालिकेची वेळ भरायची होती. पहिला सीझन सहा भागांचा. नंतर संपाचं वर्ष सोडलं तर दरवर्षी विसावर. पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालायचं, तसं चाललं होतं.

'गुडबाय, मायकेल' 28 एप्रिल 2011 रोजी आला. विमानतळावर तो ऑफिसावर माहितीपट करणाऱ्यांनी अंगावर लावलेला माइक काढून देतो, आणि मग पॅम धावत येऊन त्याला मिठी मारते. दोघं काय बोलतात ते आपल्याला ऐकू येत नाही. सात सीझन कॅमेऱ्यासमोर सगळं बोलून दाखवणाऱ्या माणसाला मालिकेने दिलेला हा खाजगीपणा मला त्याच्या कुठल्याही विनोदापेक्षा मोठा वाटतो. त्याच सुमारास नवा साहेब म्हणून विल फेरेल आला-गेला, मग जेम्स स्पेडरचा रॉबर्ट कॅलिफोर्निया खोलीत शिरताच गूढ हवा पसरे, पण कशासाठी ते कळत नसे. विक्रेता अँडी साहेब झाला. नवव्या सीझनमध्ये अँडीचं काम करणारा एड हेल्म्स सिनेमाच्या चित्रीकरणाला गेला म्हणून अँडीला बोटीत बसवून दूर धाडावं लागलं. परतला तो वेगळाच, कडवट माणूस. याला पटकथा म्हणत नाहीत, रजेचा अर्ज म्हणतात.

तरीही नील्सनच्या मोजणीप्रमाणे 2020 मध्ये अमेरिकेत स्ट्रीमिंगवर सर्वाधिक पाहिली गेलेली मालिका हीच: नेटफ्लिक्सवर 57 अब्ज मिनिटं. आठवडाभर वाट पाहून ज्यांच्या पदरी रटाळ भाग पडला, त्यांना घसरण टोचली. आजचा प्रेक्षक जेवताना एकामागून एक भाग लावतो. त्याच्यासाठी वाईट भाग हा पुढच्या चांगल्या भागाआधीचा वीस मिनिटांचा थांबा. दोघे एकाच मालिकेबद्दल भांडतात, पण त्यांनी ती एकाच वेगाने पाहिलेली नाही.

नवव्या सीझनला डॅनिअल्स परतला आणि शेवट निभावून नेला. ड्वाइटच्या लग्नात मायकेल येतो, जेमतेम दोन वाक्यं बोलतो, तेवढी पुरतात.

म्हणून नव्याने बघायला बसणाऱ्यांना माझा सल्ला: विमानतळापर्यंत सलग पाहा, आठवा सीझन सरळ सोडा, नवव्यातले शेवटचे तीन-चार भाग पाहा. पहिला सीझन वगळा, असं जुने चाहतेच तुम्हाला सांगतील. तो मंद आहे, फिकट आहे, मायकेल त्यात नकोसा वाटतो. पण नोकरी जाण्याची भीती सगळ्यात खरी तिथेच आहे. तो वगळू नका.