बिंदू आणि रेषा

मार्गळी महिना लागला की चेन्नईत, १९२८ साली स्थापन झालेल्या म्युझिक अकादमीत आणि अन्य सभांत, अनोळखी माणसे शेजारी येऊन बसतात. भाषा निराळी, घरची रीत निराळी. तरी आलापीतील एकाच जागेवर दोघांच्याही माना डोलतात. अशा प्रत्येक रसिकासाठी कागदावर एक बिंदू मांडावा, आवड जुळेल तेथे रेषा ओढावी. जनगणनेत कधीही न दिसणारा एक समाज जाळ्याच्या रूपाने उमटू लागतो.

या जाळ्यात काही बिंदू दोन दूरच्या पुंजक्यांमधील पूल असतात. मिरजेचे अब्दुल करीम खाँ हा असाच एक बिंदू. किराना घराण्याच्या या गायकाने त्यागराजांची खरहरप्रिया रागातील कृती ध्वनिमुद्रित केली. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जात असता वाटेत सिंगपेरुमाळ कोइल स्थानकावर त्यांचे निधन झाले. दफन मिरजेत झाले.

पूल पुसला की दोन्ही पुंजके तुटतात, असे आकृतीचे गणित. येथे मात्र ध्वनिमुद्रिका उरली आणि ती ऐकणारा प्रत्येक नवा श्रोता, तमिळ असो वा मराठी, त्या जुन्या रेषेला आपला बिंदू जोडीत गेला.

तथापि रेषा एवढेच सांगते, की दोन माणसे एकाच सुरापाशी थांबली. कोणते दुःख घेऊन थांबली, हे आकृतीत उमटत नाही; ते शेजारी बसूनच कळते, कधी कधी तेही नाही.