आकडो बरो आसा!

मंडळी, दिवाळीला चार दिवस सुट्टी टाकून मालवणला गेलो होतो. येताना पुण्याहून बाबांसाठी एक खेळणं घेतलं होतं. काडेपेटीएवढा ओबीडी डोंगल. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा, ब्लूटूथने मोबाइलला जोडायचा, की इंजिनाच्या पोटातलं सगळं स्क्रीनवर. खेळणं बाबांसाठी म्हणायचं, खेळणार मीच. (आमच्या घरची जुनी पद्धत आहे ही.)

गाडी आमची डिझेल हॅचबॅक, दहा वर्षं जुनी, टर्बोवाली. बाबांनी आयुष्यभर मच्छीमारी बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त केली. त्यांची पहिल्या दिवशीच तक्रार, "गाडी वढणा नाय रे."

म्हटलं थांबा, आत्ता सांगतो. चौक्याच्या वाटेवर, किनारा सोडून सड्यावर चढणाऱ्या रस्त्याला गाडी घातली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. बूस्ट गेजचा काटा चढत चढत १४ पीएसआयवर जाऊन थांबला. अगदी हवा तिथे.

"बघा, १४! गाडी ठणठणीत आहे."

बाबा म्हणाले, "आकडो बरो आसा. मगे गाडी कित्या वढणा नाय?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण थिअरी भरपूर होती, ती ऐकवली. तुम्हालाही ऐकवतो.

इंजिन जितकी हवा घेईल तितकंच इंधन नीट जाळू शकतं. म्हणून हवा कोंबायची. सुपरचार्जर हे काम इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरून करतो (जुन्या मर्सिडीजच्या मागे 'कॉम्प्रेसर' लिहिलेलं असायचं, ते हेच), तर टर्बो फुकट जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो. बूस्ट गेज दोन्हीकडे एकच गोष्ट सांगतं : मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे. समुद्रसपाटीला बाहेरचा दाब साधारण १४.७ पीएसआय. म्हणजे १४ बूस्ट म्हटलं की इंजिनाला जवळजवळ दुप्पट दाबाची हवा मिळते.

दाब दुप्पट, हवा दुप्पट नव्हे. गोम इथेच आहे, आणि ती मी सोयीस्कर विसरलो होतो.

घरी आल्यावर बाबांनी बॉनेट उघडलं. मोबाइलकडे बघितलंसुद्धा नाही. इंजिन बंद करून थोडा वेळ थांबले, पुढच्या बंपरच्या जाळीतून बोटं आत घातली आणि मला म्हणाले, "हात लावन बघ." इंटरकूलरच्या पात्यांमध्ये पावसाळ्याचा लाल चिखल, गवत, वाळकी पानं अशी काही बसली होती की नवीन घर लिंपावं!

मग डोक्यात प्रकाश पडला. हवा दाबली की तापते. इंटरकूलरने ती थंड करायची, तोच बुजलेला. स्क्रीनचं दुसरं पान उघडलं आणि पुन्हा त्याच चढावर गेलो. मॅनिफोल्डमधल्या हवेचं तापमान ९० अंश! एरवी ५०च्या आसपास असायला हवं होतं. केल्विनमध्ये हिशेब केला : ३२३ भागिले ३६३, म्हणजे ०.८९. दाब तोच, पण हवा ११ टक्के कमी. गेज खोटं बोलत नव्हतं. मी त्याला विचारत होतो 'किती दाब?' आणि ऐकत होतो 'किती हवा?'.

इंटरकूलर गार झाल्यावर धुवायला घेतला. पाइप पोचेना, म्हणून बाबा विहिरीवरून बादली आणायला गेले. दहा-बारा पायऱ्यांचा चढ. मधेच बादली खाली ठेवून बसले.

"काय झालं?"

"काय नाय. जरा दम लागता."

ही गोष्ट ते फोनवर गेले तीन महिने सांगत होते. आणि मी काय करत होतो? मीच घेऊन दिलेल्या मशीनवर त्यांना बीपी बघायला लावत होतो. १२४/८०. "नॉर्मल आहे की बाबा! वय झालं आता, थोडा दम लागणारच." एकदा नाही, दोनदा म्हणालो होतो. दुसऱ्यांदा तर स्टँडअप कॉल चालू होता, म्युट करून.

बीपी हेसुद्धा गेज प्रेशरच. बाहेरच्या हवेपेक्षा रक्ताचा दाब किती जास्त, तेवढंच दंडावरचा पट्टा सांगतो. हृदयाच्या स्नायूला स्वतःला रक्त पुरेसं पोचतं का, हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

सुट्टी वाढवली. दोन दिवसांनी पहाटे बेळगावला निघालो. आंबोली घाट गाडी मस्त चढली. वर चहाला थांबलो, इंजिन चालूच होतं, आणि गेज उणे १.२ दाखवायला लागलं. आधी दचकलो, मग कळलं. आंबोली ६९० मीटरवर, तिथे हवेचाच दाब ९३ किलोपास्कलच्या आसपास, आणि ॲप बापडं अजून समुद्रसपाटीचे १०१ वजा करत बसलेलं. कुठल्याही आकड्याचा शून्य कुठे धरलाय, ते आधी विचारावं. हे मी बाबांना समजावून सांगितलं नाही. ते खिडकीतून दरीतलं धुकं बघत होते, बघू दिलं.

डॉक्टरांनी बीपी घेतलं, १२६. त्यावर काहीच बोलले नाहीत. विचारलं काय, तर "किती पायऱ्या चढल्यावर दम लागतो? आधी किती चढायचात?" बाबांनी नेमकं सांगितलं, पावसाळ्याआधी आणि नंतर. हा डेटा त्यांच्याकडे तीन महिने तयार होता. मागितलाच नव्हता कोणी.

ॲन्जिओग्राफीत दोन ब्लॉक निघाले. स्टेंट बसवले. आता बरे आहेत. ("वेळेत आणलंत" असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी जमिनीकडे बघत होतो.)

परवा फोन केला. बीपीचं मशीन कपाटात गेलेलं नाही, रोज बघतात, बघायलाच हवं. पण मी आता आधी विचारतो, "विहिरीवरून पाणी आणलंत? मधे बसावं लागलं?"

"नाय. एका दमात ईलंय," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, "आकडो सांगू?"

म्हटलं, सांगा. तोही सांगा.